तख्त-ए-जमशेद दोनदा पाहिलं, म्हणून सांगते

इराणमधलं तख्त-ए-जमशेद, म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या पर्सेपोलिसच्या राजवाड्याचे अवशेष, बघायला पहिल्या दिवशी आम्हाला सव्वा तास मिळाला. शिराझमधल्या एका टूरवाल्याच्या मिनीबसने आम्ही चौदाजण अकराच्या उन्हात तिथे पोहोचलो. गाइड पुढे झेंडी धरून चालत होता, आम्ही मागून. दोन दरवाजे, चार खांब, ग्रुप फोटो झाला आणि सव्वाबाराला "चला, जेवण थंड होईल" म्हणून सगळ्यांना गाडीत बसवलं. ज्या पूर्वेकडच्या जिन्यासाठी मी नाशिकहून इतक्या लांब आले होते, त्याच्यासमोर मी मोजून सात मिनिटं उभी होते. रात्री हॉटेलच्या खोलीत मला झोप येईना. हे म्हणाले, "उद्याचा बाजार रद्द कर आणि परत जाऊ." सकाळी रिसेप्शनवरच्या मुलीला सांगून टॅक्सी ठरवली आणि दुसऱ्या दिवशी साडेपाच तास तिथे काढले. पुढे जे लिहिते आहे ते या दुसऱ्या दिवसाचं आहे.

जाताना पर्सेपोलिस हे नाव विसरा. ते ग्रीकांनी ठेवलेलं. ज्यांनी बांधलं ते या जागेला पार्सा म्हणत. आज टॅक्सीवाल्याला 'तख्त-ए-जमशेद' एवढंच सांगायचं. हे बांधायला घेणारा इराणचा राजा दरायस कोण होता हे लोक विसरून गेले, तेव्हा एवढे मोठे खांब कोणी उभारले असतील तर पुराणातल्या जमशेद राजानेच, असं त्यांनी ठरवलं आणि तेच नाव चिकटलं. आपल्याकडचे पारशी लोक जमशेदी नवरोज करतात, तोच हा जमशेद. शिराझपासून साधारण साठ किलोमीटर, मर्वदश्त गावाच्या पुढे, कोह-ए-रहमत नावाच्या डोंगराच्या पायथ्याशी ही जागा आहे. तख्त, कोह, रहमत, दरवाजा… रस्त्यावरच्या पाट्यांचा उच्चार ड्रायव्हर करून दाखवायचा आणि निम्मे शब्द आम्हाला आजोबांच्या जुन्या कागदपत्रांतले निघायचे. 'दस्त' म्हणजे हात हे मला तिथे कळलं. म्हणजे दस्तऐवज हा शब्द आयुष्यभर टाइप केला आणि त्यात हात आहे हे माहीत नव्हतं.

मी एकतीस वर्षं पाटबंधारे खात्यात आरेखक होते. धरणाच्या सांडव्याचे, कालव्यांचे, मोऱ्यांचे नकाशे काढण्यात नोकरी गेली. त्यामुळे कुठेही गेले की माझं लक्ष आधी पायऱ्या, सांधे आणि पाणी कुठून जातं याकडे जातं. राजवाड्याचं कौतुक मी त्याच वाटेने करणार.

आधी पायऱ्या. सपाटीपासून चौथऱ्यावर चढायला समोरासमोर दोन जिने आहेत. अर्ध्यात वळून पुन्हा एकमेकांकडे येणारे. एका बाजूला १११ पायऱ्या. यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे हा आकडा वाचूनच ते घरी म्हणाले होते की मी खाली बसतो, तू जाऊन ये. पण पायरीची उंची जेमतेम दहा सेंटिमीटर आहे. आपल्या घरातल्या जिन्याचा रायझर सहा-साडेसहा इंच असतो, हा चार इंच. आणि पाऊल ठेवायला एक फुटाहून जास्त जागा. चढतोय असं वाटतच नाही, उताराच्या रस्त्यावरून चालल्यासारखं वाटतं. रुंदी जवळपास सात मीटर, म्हणजे आठ-दहा माणसं एका ओळीत बोलत बोलत वर जातील. कोणी म्हणतं घोडे वर नेता यावेत म्हणून अशा पायऱ्या केल्या. मला वाटतं, लांब अंगरखे घातलेल्या मोठ्या माणसांना धाप न लागता, चाल न मोडता दरबारात पोहोचवायचं होतं. आता मूळ दगड झिजू नये म्हणून वर लाकडी फळ्या टाकल्या आहेत, तरी माप तेच राहिलं आहे. हे एकदाही न थांबता वर आले. वर पोहोचून त्यांनी मागे वळून बघितलं आणि म्हणाले, "ज्याने हे डिझाइन केलं त्याच्या घरात कोणीतरी म्हातारं माणूस असणार."

वर आलं की समोर दरायसच्या मुलाचा, झेरक्सिसचा दरवाजा, म्हणजेच सर्व राष्ट्रांचा दरवाजा. दोन्ही बाजूंना प्रचंड बैल, आतल्या बाजूचे बैल पंखांचे आणि माणसाच्या डोक्याचे. मुंबईत फोर्टमधल्या माणेकजी सेठ अग्यारीच्या दारात असे बैल ज्यांनी पाहिले असतील त्यांना ओळख पटेल. ती कल्पना इथूनच गेलेली आहे. दरवाजाच्या आतल्या दगडावर मात्र प्रवाशांनी नावं कोरून ठेवली आहेत. आफ्रिकेत लिव्हिंग्स्टनला शोधणारा तो स्टॅन्ली, त्यानेही १८७० साल घालून आपलं आणि आपल्या वर्तमानपत्राचं नाव कोरलंय. आपल्या किल्ल्यांवरच्या कोरीव नावांनी मला जितकी चीड येते, तितकीच इथे आली. शिकलेल्या माणसांनी हातोडी-छिन्नी घेऊन हे केलं याचं जास्त वाईट वाटलं.

पहिल्यांदा जाणाऱ्याला हे अवशेष विचित्र दिसतात, कारण भिंती कुठेच नाहीत. नुसत्या दाराच्या चौकटी आणि खिडक्या मोकळ्या मैदानात उभ्या. पहिल्या दिवशी आमच्या गाइडने याचं कारण सांगितलं नाही आणि ग्रुपमधल्या एका काकांना वाटलं की भिंती कोणी चोरून नेल्या. चौकटी, खिडक्या आणि खांब दगडाचे होते, मधल्या भिंती कच्च्या विटांच्या आणि छत लाकडाचं. इ.स.पू. ३३० मध्ये सिकंदराच्या वेळी आग लागली, लाकूड जळालं, मातीच्या विटा पुढच्या शतकांच्या पावसात विरघळून गेल्या आणि दगड तेवढा राहिला. खजिना न्यायला दहा हजार खेचरांच्या जोड्या आणि पाच हजार उंट लागले असं ग्रीक लेखक प्लुटार्क लिहितो. एवढं समजलं की डोळ्यांसमोर आपोआप भिंती उभ्या राहायला लागतात. मी वहीत चौकटींच्या मधे पेन्सिलीने रेघा जोडत गेले आणि दहा मिनिटांत प्लॅन तयार झाला.

सगळा चौथरा साधारण साडेचारशे मीटर लांब आणि तीनशे मीटर रुंद, म्हणजे एकतीस एकरांच्या आसपास. काही डोंगर कापून, काही भराव घालून सपाट केलेला. दरायसने इ.स.पू. ५१८ च्या सुमारास काम सुरू केलं आणि पुढे मुला-नातवांनी वाढवलं. दगडांच्या सांध्यात चुना नाही. दोन दगडांच्या कडेला डमरूच्या आकाराची खाच कोरायची, तिच्यात लोखंडी पाचर बसवून शिसं ओतायचं. लोकांनी नंतर धातूसाठी त्या खाचा फोडल्या, त्यामुळे आज नुसते डमरू दिसतात, पण सांध्यात आजही माझं नख जाईना. सिन्नरच्या गोंदेश्वराला आम्ही दरवर्षी जातो, तिथले कोरडे सांधे मला पाठ आहेत. म्हणून हे बघताना परकं वाटलं नाही.

आणि पाणी! याबद्दल कुठलाच टूरवाला बोलत नाही. पाठीमागे डोंगर, पुढे सपाट चौथरा, म्हणजे पावसाचं सगळं पाणी महालात शिरणार. त्यांनी चौथऱ्याखालून आधीच गटारं काढली, काही खडकात कोरून, काही बांधून, मिळून दोन किलोमीटरच्या आसपास. छताचं पाणी भिंतीतून खाली त्या गटारांत. डोंगराच्या बाजूला पुराचं पाणी अडवायला खोल चौकोनी विहीर. म्हणजे वरचा एक खांब उभा करण्याआधी खालच्या सगळ्या मोऱ्यांचा नकाशा पक्का झालेला होता. कोणीतरी माझ्यासारखं बसून तो काढला असणार. एका ठिकाणी जाळीतून गटार दिसतं, तिथे मी ओणवी होऊन बराच वेळ बघत होते. एक इराणी बाई थांबल्या, काही हरवलं का म्हणून खुणेने विचारलं. मी पाणी वाहण्याची खूण केली. त्याही वाकून बघायला लागल्या.

आता तो पूर्वेकडचा जिना. यासाठीच जा. अपादाना म्हणजे मोठ्या दरबाराला ७२ खांब होते, जवळजवळ वीस मीटर उंच. त्यातले तेरा-चौदाच उभे आहेत आणि फोटोत सगळे तेच काढतात. पण खरी दौलत त्याच्या जिन्याच्या भिंतीवर आहे. हा पूर्वेकडचा जिना मातीखाली दबलेला होता, १९३२ मध्ये उकरून काढला, म्हणून तो उत्तरेकडच्यापेक्षा कितीतरी ताजा राहिला. वर आता छप्पर घातलं आहे.

भिंतीवर तीन रांगांत तेवीस देशांची माणसं भेटी घेऊन येताना दिसतात. प्रत्येक घोळक्याच्या मधे एक सुरूचं झाड, म्हणजे एक देश संपला, दुसरा सुरू झाला. कोणी दोन वशिंडांचा उंट आणलाय, कोणी घोडा, कोणी कापडाच्या घड्या. एलामच्या लोकांनी सिंहीण आणलीय आणि मागच्या दोघांच्या हातात तिचे छावे आहेत. सिंहीण मान वळवून पिल्लांकडे बघतेय. अडीच हजार वर्षं ती मागे बघतेय. मी इथे सगळ्यात जास्त वेळ थांबले.

जरा जवळ गेलं की लक्षात येतं, प्रत्येक देशाच्या म्होरक्याचा हात एका दरबारी माणसाने धरलाय. ओढत नेत नाहीये, पाहुण्याला माजघरात न्यावं तसं नेतोय. साखळदंड घातलेला एकही माणूस या जिन्यावर नाही, कोणी गुडघ्यावर नाही. पलीकडच्या बाजूला राजाचे सरदार आहेत, तेही ताठ उभे नाहीत. एकाने पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवलाय, एक मागे वळून काहीतरी सांगतोय, बऱ्याच जणांच्या हातात फूल आहे. लग्नात पंगत बसायच्या आधी पुरुषमाणसं ओटीवर जशी घुटमळतात, तसं अगदी. हे राजाने स्वतःबद्दल करून घेतलेलं चित्र आहे, खंडणी ही खंडणीच, हे मला कळतं. तरी आपलं राज्य कसं दिसावं असं विचारल्यावर त्याने हात धरलेली माणसं कोरायला सांगितली, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

इथला एक माणूस आपला आहे. खालच्या रांगेत शोधा. उघड्या अंगाचा, कमरेला धोतरासारखं वस्त्र, खांद्यावर कावड. कावडीच्या दोन टोपल्यांत सोन्याची भुकटी. मागे कुऱ्हाडी घेतलेला एकजण आणि एक गाढवासारखं जनावर. हे हिंदुशचे, म्हणजे सिंधूकाठचे लोक. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने लिहून ठेवलंय की हिंदी लोक ३६० टॅलेंट (टॅलेंट हे तेव्हाचं वजनाचं माप) सोन्याची भुकटी भरत. अपादानाच्या पायात सोन्याचे आणि चांदीचे पत्रे पुरलेले सापडले, त्यांवरही दरायस आपल्या राज्याची हद्द सांगताना एका टोकाला शकांपासून आफ्रिकेतल्या कुशपर्यंत आणि दुसऱ्या टोकाला हिंदुशपासून आजच्या तुर्कस्तानातल्या सार्दिसपर्यंत असं म्हणतो. आपल्या देशाचं नाव ज्या शब्दातून आलं, तो शब्द इतक्या जुन्या सोन्यावर खिळ्यांसारख्या अक्षरांत लिहिलेला आहे, हे त्या भिंतीसमोर उभं राहून आठवलं की अंगावर काटा येतो.

ती अक्षरं आपल्याला वाचता येतात, त्याचा एक धागा मुंबईहून जातो, आणि हे मला कोणीही गाइड सांगत नाही याची खंत आहे. कार्स्टन नीबुर हा मोजणीदार माणूस, डेन्मार्कच्या राजाने पाठवलेल्या मोहिमेत होता. बरोबरचे सगळे एकेक करून आजारपणात गेले, तो एकटा उरला. १७६४ मध्ये तो मुंबईत होता, घारापुरीला जाऊन त्याने लेण्यांची मापं घेतली, चित्रं काढली. तिथून समुद्रमार्गे इराणात उतरला आणि मार्च १७६५ मध्ये इथे येऊन एकेक अक्षर न कळता, नुसतं बघून, जसंच्या तसं उतरवून घेतलं. त्याच्या त्या नकलांवरून १८०२ मध्ये जर्मनीतल्या ग्रोटेफेंड नावाच्या शाळामास्तराने दरायस आणि झेरक्सिस ही नावं ओळखली. अर्थ माहीत नसलेली रेघ चुकू न देणं म्हणजे काय, हे ट्रेसिंग पेपरवर काम केलेल्या माणसाला विचारा. मी घारापुरीला चारदा गेले आहे. त्रिमूर्तीसमोर टेप लावणारा आणि मग इथे या दरवाजासमोर कागद घेऊन बसणारा तो एकटा माणूस माझ्या डोळ्यांसमोरून दिवसभर हलला नाही.

दरायसचा खासगी महाल, तचरा, लहान आहे पण चुकवू नका. दगड इतका घोटलेला की आजही तिरक्या उजेडात त्यात माणसाची सावली हलताना दिसते. खिडक्यांच्या चौकटींवर तीन भाषांत कोरलंय, त्याचा अर्थ असा: दगडी खिडकीची चौकट, दरायस राजाच्या घरात घडवलेली. हेच वाक्य, प्रत्येक खिडकीवर. आम्ही ड्रॉइंगमध्ये प्रत्येक खिडकीला नाव लिहायचो, तसंच. आतल्या चौकटीच्या कोपऱ्यावर बारा पाकळ्यांच्या फुलांची पट्टी आहे. मी एकेक मोजली. वळणावर कोपरा जुळवताना फूल कुठेही अर्धं कापलेलं नाही. ज्यांनी कधी किनार जुळवून काठपदरी साडीचं ब्लाउज शिवलंय, त्यांना यातली मेहनत कळेल.

म्युझियम छोटं आहे, जुन्याच पायावर पुन्हा उभारलेल्या इमारतीत. अर्धा तास पुरे. इथे १९३३-३४ मध्ये हजारो मातीच्या पाट्या सापडल्या, कामगारांना किती धान्य, किती दारू दिली याच्या नोंदी. बाळंतिणीला जादा शिधा मिळायचा, त्यात मुलगा झाला तर मुलगी झाल्याच्या दुप्पट. हे वाचून मी बराच वेळ गप्प होते. मस्टर बघितलेल्या माणसाला हे मस्टर ओळखीचंच वाटतं.

शंभर खांबांचा दरबार आता नुसत्या बुंध्यांचं मैदान आहे. डोंगरावरच्या थडग्यापर्यंत मात्र चढा, यांनाही सावकाश जमलं. तिथून सगळा प्लॅन खाली पसरलेला दिसतो.

नक्श-ए-रोस्तम सहा-सात किलोमीटरवर आहे. डोंगराच्या उभ्या कड्यात दरायस आणि त्याच्या पुढच्या राजांची चार थडगी, खाली नंतरच्या काळातल्या ससानियन घराण्याच्या राजांची शिल्पं. त्याच टॅक्सीने अर्ध्या-पाऊण तासात होतं. कुरूष म्हणजे सायरस राजाची कबर पसरगादला, ती बरीच पुढे. त्याच दिवशी करू नका, तख्त-ए-जमशेदचा वेळ जाईल.

आता तक्रारी, कारण त्या आहेत. सावली जवळजवळ नाही. आम्ही नवरोजच्या सुट्ट्या संपल्यावर, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात गेलो तरी दुपारी डोकं तापलं. उन्हाळ्यात भर दुपारी मी कोणालाही जाऊ देणार नाही. टोपी, पाणी घेऊनच वर चढा, कारण स्वच्छतागृह आणि दुकानं खाली प्रवेशाजवळ आहेत आणि मधलं अंतर मोठं आहे. माहितीच्या पाट्या त्रोटक. गटारांबद्दल तर आम्हाला एकही पाटी दिसली नाही. परदेशी माणसाला तिकीट स्थानिकांपेक्षा महाग, ते मला मान्य आहे, आपल्याकडेही तसंच आहे. आपली डेबिट-क्रेडिट कार्डं इराणात चालत नाहीत, रोख न्या. आणि भाव रियालमध्ये लिहिलेला असतो पण लोक तोमानमध्ये बोलतात, एक तोमान म्हणजे दहा रियाल. पहिले दोन दिवस प्रत्येक वेळी विचारून घ्या. बायकांना डोक्यावर रुमाल लागतो, सुती न्या, सिल्कचा सारखा घसरतो. निघण्यापूर्वी व्हिसा आणि तिथली परिस्थिती आपल्या सरकारच्या सूचनांवरून नक्की तपासा.

खाण्याचं सांगायचं तर दूघ मागा. पुदिना घातलेलं ताकच ते, उन्हातून आल्यावर जीव थंड होतो. शिराझला परत आल्यावर फालुदा खा, आपल्यासारखा दुधाचा नाही, बर्फातल्या शेवया, गुलाबपाणी आणि वर लिंबू पिळलेलं. आमच्या ड्रायव्हरने थर्मासमधून बिनदुधाचा चहा दिला, साखरेचा खडा दातात धरून प्यायचा. यांना 'आगा' आणि मला 'खानुम' म्हणायचा. साडेपाच तास त्याने एकदाही घड्याळ दाखवलं नाही. थांबण्याचे पैसे आधी ठरले होते तेवढेच घेतले.

ग्रुपने जाणार असाल तर बुकिंग करतानाच विचारा की तख्त-ए-जमशेदला किती तास देणार. तीनपेक्षा कमी असतील तर पैसे भरू नका, टॅक्सी करा. दुपारी अडीचनंतर पोहोचा. बंद व्हायची वेळ ऋतूप्रमाणे बदलते, ती हॉटेलात विचारून घ्या. संध्याकाळची तिरकी उन्हं सुरू झाली की कोरीव काम उठून दिसायला लागतं. दुपारी जे सपाट वाटलं होतं त्यात दाढीचे वळसे, उंटाच्या गळ्यातली घंटा, बोटांची नखंसुद्धा दिसायला लागतात.

रखवालदाराची शिट्टी वाजली तेव्हा मी पुन्हा पूर्वेकडच्या जिन्याशी होते. दोरीच्या अलीकडे उकिडवी बसून कावडवाल्याचं स्केच पुरं करत होते. पाय काढताना लक्षात आलं, म्होरक्याच्या पायात चपला आहेत. कावडवाला अनवाणी आहे. मी त्याच्या पायाची पाची बोटं नीट काढली आणि मगच उठले.